राईला घातलेलं पाणी

(लाटंबार्से. कमलाक्षीच्या घरचा सोपा. वैशाखातला सोमवार, सकाळची वेळ.)

विनोदिनी : आता तरी बोल आई. दिवा लागला, तुळशीला पाणी झालं, तुझं मौन सुटलं. देवीच्या राईत ते पाणी कोणी सोडलं?

कमलाक्षी : आधी दोन घोट चहा घे. पोदेर आत्ताच पाव देऊन पुढं गेला, उंडे अजून गरम आहेत. रात्रभर बसनं आलीस, पोटात काही नाही.

विनोदिनी : मला उंडा नको. घरात बॅगसुद्धा न टेकवता मी आधी राईत गेले. दुपारच्या सभेत दाखवायला माझ्या झाडांचे फोटो हवे होते. बघते तर बुंध्यांना पट्ट्या बांधलेली ती सगळी झाडं पाण्यात उभी. वैशाखात! आणि तू तिथं कुदळ घेऊन. हाक मारली तर तोंडावर बोट ठेवलंस.

कमलाक्षी : मौनात कशी बोलू? आंघोळ झाल्यापासून सातेरी देवीच्या वारुळापुढं दिवा लागेपर्यंत मी बोलत नाही, तुला ठाऊक आहे.

विनोदिनी : कुदळीला मौन नसतं वाटतं.

कमलाक्षी : असं टाकून बोलू नकोस, बाय. सोमवार आहे.

विनोदिनी : बरं, नाही बोलत. सरळ विचारते. आपल्या पोफळींच्या कुळागराचा पाट राईच्या कडेनं जातो. त्याचा बांध फोडून तू पाणी आत घेतलंस. खरं की नाही?

कमलाक्षी : घेतलं.

विनोदिनी : आज पहिल्यांदा?

कमलाक्षी : चहावर साय धरली बघ.

विनोदिनी : आई!

कमलाक्षी : पाडव्यापासून पाऊस लागेपर्यंत रोज घेते. हा तिसरा उन्हाळा.

विनोदिनी : तिसरा... देवा.

कमलाक्षी : देवाचं नाव घेतलंस तर बस तरी खाली. उभ्यानं घेऊ नये.

बाबली : वैनी, पोदेरानं आमचे उंडे तुमच्याच पेटाऱ्यात टाकले काय? अगो, विनू! कधी आलीस? आणि तोंड असं कशाला, कच्ची आंबट भिरंडं खाल्ल्यासारखं?

विनोदिनी : बाबलीकाका, बरं झालं आलात. कुळागराला पाणी तुम्ही लावता ना? गेल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाटाला पाणी कमी येतं, हे तुमच्या ध्यानात आलं नाही?

बाबली : आलं नाही कसं? पोफळी माना टाकायला लागल्या, तेव्हाच आलं. तो गुरुदास चोरतो. त्याच्या घरामागं पाट वळतो न्हय, तिथं पहाटे उठून फोडत असणार. दोन वर्षं मी त्याचं तोंड बघत नाही. गेल्या वर्षीच्या शिगम्याला मांडावर, सगळा गाव जमलेला असताना, तोंडावर म्हणालो त्याला. पाणीचोर म्हणालो. म्हातारा ढोल खाली ठेवून उठून गेला, तो पुन्हा मांडावर फिरकला नाही. चोराच्या मनात चांदणं, आणखी काय.

कमलाक्षी : भावजी, बसा जरा.

बाबली : बसतो. पण तुमचा आवाज असा का?

कमलाक्षी : गुरुदासानं नाही पाट फोडला.

बाबली : मग कोणी?

कमलाक्षी : मी.

बाबली : तुम्ही? वैनी, तुम्ही तर मुंगीला वाट देऊन पाऊल टाकता!

कमलाक्षी : राईत घेतलं पाणी. विनूच्या झाडांना. पहाटे फोडायचं, ऊन चढायच्या आत पुन्हा माती लावायची.

बाबली : आणि मी मांडावर त्या म्हाताऱ्याला... तुम्ही तेव्हा तिथंच होतात.

कमलाक्षी : होते.

बाबली : एक अक्षर नाही काढलंत तोंडातून!

कमलाक्षी : नाही काढलं. त्या दिवसापासून गुरुदासाच्या दारावरून जाताना पदर पुढं ओढून जाते. त्याची बायको हाक मारते, वत्सला. "कमलाक्षी, पानं देऊ का गो तुळशीची?" म्हणते. मला ओ देववत नाही. पण व्रत बोलून दाखवलं की फळ जातं, भावजी. आणि ते फळ माझं असतं तर दिलं असतं सोडून. ते विनूचं होतं.

विनोदिनी : माझं? मी कधी सांगितलं होतं तुला झाडांना पाणी घालायला?

कमलाक्षी : तूच फोन केला होतास. त्या पहिल्या उन्हाळ्यात वरची झर आटत आली होती, तिचा राईत वाहणारा व्हाळ कोरडा पडलेला. मी तुला सांगितलं, पट्टी बांधलेल्या त्या लहान जांभळीनं पानं टाकली म्हणून. तेव्हा तू म्हणालीस, "आई, ही झाडं वाळली तर माझं सगळं वाळलं." रडत होतीस.

विनोदिनी : असेन. माझे मार्गदर्शक सर रागावले असतील. बोलण्याच्या ओघात गेलं असेल तोंडातून.

कमलाक्षी : इतक्या लांबून मला कसं कळावं, कुठलं ओघातलं आणि कुठलं खरं? मी फोन ठेवला आणि देवीपुढं बोलले. विनूचं काम तडीस जाईतो तुझ्या राईला वैशाखात तहान लागू देणार नाही.

बाबली : आता मला एक समजावा. झाडांना पाणी मिळालं. झाडं हिरवी राहिली. मग या पोरीला रडायला काय झालं? आम्ही खाणवाल्यांनी डोंगर फोडला तेव्हा शिकलेली माणसं रडली, तें समजलं. पाणी घातलं म्हणून रडणारी पहिलीच बघितली.

विनोदिनी : काका, मी काय काम करते, तुम्हाला ठाऊक आहे?

बाबली : झाडांना पट्टे बांधतेस. गावात सगळे म्हणतात, बाबलीच्या पुतणीनं झाडांना कमरपट्टे केले. सोन्याचे केले असतेस तर आणखी नाव झालं असतं.

विनोदिनी : ऐका. आपल्या राईसारखंच एक रान मी संगणकात वाढवते. इथं झाड जाड झालं की पट्टी सरकते. पाऊस किती झाला, ऊन किती तापलं, माती किती ओली होती, आणि त्या मानानं झाड किती वाढलं, हे सगळं त्या रानाला शिकवायचं. एकदा शिकलं की मग त्याला पुढचं विचारायचं. उद्या ऊन वाढेल, पाऊस उशिरा येईल, झरे लवकर आटतील, तेव्हा ही राय किती वाढेल, त्यातलं काय टिकेल?

बाबली : म्हणजे देवाला कौल लावतात तसंच.

विनोदिनी : तसंच म्हणा. पण मोजून.

बाबली : आणि त्या रानात रानडुकरं आहेत?

विनोदिनी : नाहीत.

बाबली : माकडं?

विनोदिनी : नाहीत काका.

बाबली : मग तसलं रान मला दे गो. चार वाल तरी हाताला लागतील.

विनोदिनी : हसू नका ना! ते रान काय शिकलं, ठाऊक आहे? या राईला उन्हाळ्यात वरच्या झरीची गरजच नाही, असं शिकलं. झर आटलेली, व्हाळ कोरडा, ऊन असं, आणि झाडं आपली वाढतायत. डोंगराच्या पलीकडं मी दुसरी झाडं मोजते, ती त्याच उन्हाळ्यात आक्रसली. पण इथली नाही. मी लिहिलं, इथल्या झाडांची मुळं खोल जातात, खडकाच्या भेगांतलं पाणी ओढतात. सरांनी पाठ थोपटली. ते छापून आलं. त्याच्यावरच मला नोकरी लागली.

कमलाक्षी : नोकरी लागली तेव्हा मी देवीची ओटी भरली होती.

विनोदिनी : आणि वरची झर बांधायचं घाटतंय ते त्याच्यावरच, आई.

बाबली : नळाची योजना? नव्या वसाहतीला पाणी न्यायची?

विनोदिनी : हो. योजनेच्या साहेबांना एवढंच हवं होतं की राईला काही होणार नाही, असं कोणीतरी शिकलेल्यानं सांगावं. कुळागरांची खालची झर ते सोडतायत, म्हणजे तुमची कोणाची तक्रार राहत नाही. राहिली राय. तिच्या वतीनं मी लिहून दिलं. आज दुपारी पंचायतीत उभी राहून गावाला तेच सांगायला मी आलेय. झर गेली तरी राय राहील, म्हणून.

बाबली : आणि राहणार नाही काय?

विनोदिनी : मला माहीत नाही! तेच तर सांगतेय. इतकी वर्षं मोजून मला माहीत नाही. माझं रान आईच्या हातचं पाणी पिऊन शिकलं.

कमलाक्षी : म्हणजे माझ्या पाण्यानं राय मरणार?

विनोदिनी : पाण्यानं कशी मरेल?

कमलाक्षी : तू म्हणतेस त्याचा अर्थ तोच होतो. मी पाणी घातलं नसतं तर तुझ्या पट्ट्यांनी सांगितलं असतं, राय तहानेली आहे. मग झर कोणी मागितली नसती.

विनोदिनी : तसं सरळ नसतं आई...

कमलाक्षी : तसंच आहे. मी अडाणी असले तरी एवढं कळतं. लेकराला ताप असताना मी कपाळावर गार घडी ठेवत राहिले आणि डॉक्टरला म्हटलं, बघा, ताप नाही.

बाबली : वैनी, डोळे पुसा. आणि दोघी ऐका माझं. ऐकाल? पळय, बघ विनू, मी काय शिकलेला नाही. पण जग बघितलंय. आजचा दिवस गप्प बस.

विनोदिनी : काका!

बाबली : पुरतं ऐक. तुझ्या त्या कागदात कदाचित खरंही असेल. मुळं खोल नसतीलच कशावरून? आज उभी राहून खोटी पडशील, नोकरी जाईल, सर दार बंद करतील. आणि झर काय, ते आज नाही तर उद्या दुसऱ्या कोणाचा तरी कागद आणून नेतीलच.

कमलाक्षी : भावजी, तुम्हाला त्या पंपावर ठेवणार आहेत, असं ऐकलं.

बाबली : ...कोणी सांगितलं?

कमलाक्षी : गावात बोलतात.

बाबली : बोलू देत. हो, शब्द दिलाय पंचांनी. लपवायचं काय त्यात? खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, आता या वयात पोफळींवर चढू? खुर्चीत बसून पंप चालू करायचा, बंद करायचा. एवढं सुख मला आयुष्यात कोणी देऊ केलं नव्हतं.

विनोदिनी : म्हणून मी गप्प बसू?

बाबली : म्हणून नाही. तेंही आहे, पण म्हणूनच नाही. विनू, मी इतकी वर्षं घाट उतरून जेटीवर माल ओतला. आपल्या गावचा डोंगर होता तो. बार्जेत चढला, मुरगावला गेला, बोटीत बसून परदेशी गेला. पहिले काही दिवस मला जेवण जायचं नाही. मग जायला लागलं. वाईट वाटण्याचीही सवय होते गो. तुलाही होईल. तें सांगतोय.

विनोदिनी : ते सांगताना तुम्ही माझ्याकडं बघत का नाही?

बाबली : ऊन येतंय डोळ्यांवर. वैनी, जनेलाचं दार ओढून घ्या तें.

कमलाक्षी : विनू, मी काय म्हणते. सभेत मीच उभी राहते.

विनोदिनी : तू?

कमलाक्षी : मी सांगते सगळ्यांना. माझ्या हातून झालं. म्हातारीनं खुळेपणा केला, पोरीला काय कल्पना, ती बिचारी पुण्यात. तुझ्या साहेबांनाही तसंच सांग.

बाबली : हां! हें बरें. हें सगळ्यात बरें. वैनींवर कोणी रागावणार नाही. देवाचं काम समजून केलं, असं म्हणतील. विनूची नोकरी शाबूत. कागद तेवढा परत घ्यायचा, दुसरा लिहायचा.

विनोदिनी : तसं करता येईल.

बाबली : येईलच. तुला काय माहीत होतं?

विनोदिनी : हो. मला काय माहीत होतं.

बाबली : मग झालं तर! उगाच सकाळ खाल्लीत. वैनी, उंडा द्या एक.

विनोदिनी : आई, अशी बघू नकोस.

कमलाक्षी : मी कुठं बघते? तांदूळ निवडते.

विनोदिनी : मनात काहीतरी धरलंयस. बोल.

कमलाक्षी : काही नाही, बाय. तू म्हणतेस तसं सांगू.

विनोदिनी : मी नाही म्हटलं, तू म्हटलंस! बोल ना. तुझं मौन सुटलंय.

कमलाक्षी : गेल्या वैशाखात आली होतीस, पट्ट्या बघायला.

विनोदिनी : आले होते.

कमलाक्षी : राईतून आलीस आणि त्या पायरीवर बसलीस. राईत कोणी चपला घालून जात नाही, तूही घालत नाहीस, हे मला तुझं आवडतं. तुझे तळवे चिखलानं भरले होते. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. मी बालदी आणली आणि पाय धुतले तुझे. मला वाटलं, आता विचारेल. विचारलंस की सांगून टाकणार होते, व्रत गेलं तर गेलं. तू मोबाइलमध्ये बघत होतीस. म्हणालीस, "आई, यंदा सगळ्या पट्ट्या सरकल्या." आणि हसलीस. तशी हसलेली मी तुला पुष्कळ दिवसांत बघितली नव्हती. मग मीच गप्प झाले.

बाबली : वैशाखात चिखल?

विनोदिनी : मला वाटलं, पाट फुटला असेल.

कमलाक्षी : हं.

विनोदिनी : एखाद दिवस. खेकड्यांनी पोखरला असेल बांध.

कमलाक्षी : पोखरतात खेकडे.

विनोदिनी : तू सगळ्याला हं-हं करू नकोस ना गं!

कमलाक्षी : मग काय करू?

विनोदिनी : ओरड. काहीतरी बोल मला. तू पाय धूत होतीस आणि मला... खेकडे नव्हते आले मनात. ते आत्ता आले. तेव्हा मला पायांनीच कळलं होतं, की कुठून तरी पाणी येतंय. किती दिवस येतंय, कुठून येतंय, एवढं विचारलं असतं तर तो उन्हाळा माझ्या आकड्यांतून खोडावा लागला असता. बहुतेक त्याच्या आधीचाही. मग काही छापून आलं नसतं, नोकरी नसती. म्हणून मी पाय धुऊ दिले.

बाबली : विनू...

विनोदिनी : आईनं व्रत केलं म्हणून ती गप्प राहिली. माझं कसलं व्रत होतं?

कमलाक्षी : माझं व्रत फार चांगलं होतं, असं समजू नकोस. तुझ्या पट्ट्या बांधायच्या आधी गावानं देवळात प्रसाद लावला होता, आठवतं? गुरवानं देवीला पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, तेव्हा कुठं तुला राईत शिरू दिलं. पाणी घालायच्या आधी मीही प्रसाद लावायला हवा होता. गुरव तर रोज भेटतो. नाही लावला.

बाबली : का?

कमलाक्षी : डावी पडली असती तर?

बाबली : बरें घर आहे हें. कोणी कोणाला विचारतच नाही, देवालासुद्धा नाही. आणि मी, ज्यानं पाटाच्या कडेनं चार पावलं चालून बघायचं, तो सरळ गुरुदासाच्या नावानं ओरडत सुटलो. चालायचा कंटाळा. ट्रकात बसून बसून लागलेली खोड.

विनोदिनी : काका, सभेत मी खरं सांगितलं तर आज तरी योजना थांबेल. तुमचा पंप...

बाबली : तें मला कळलं. तू बोल. मी आता तुला थांबवलं तर वैनी मलाही पाय धुवायला बालदी आणून देतील.

कमलाक्षी : मग सभेत मी बोलायचं ते...

विनोदिनी : तू बोलायचं नाहीस. तुझ्या पदराआड उभी राहून मी माझं वाचवणार नाही. तू पाणी घातलंस एवढं सांगावंच लागेल आई, त्याला इलाज नाही. पण मला ते कळलं होतं, हेही सांगेन.

कमलाक्षी : लोक हसतील तुला.

विनोदिनी : हसू देत. आणखी एक आहे. ते तुला जड जाईल.

कमलाक्षी : सांग.

विनोदिनी : उद्यापासून राईत पाणी घालायचं नाही.

कमलाक्षी : पाऊस लागेपर्यंत तरी?

विनोदिनी : एक दिवसही नाही. ही झाडं आपल्या आपण किती तग धरतात, ते मला बघायला हवं. नाहीतर मी सभेत सांगणार काय? माझं चुकलं, एवढंच? खरं काय आहे, ते पुढं कोणीतरी विचारणारच.

बाबली : विनू, एक सांगू? माडाला उन्हाळी पाण्याची सवय लावली आणि मग एक वर्ष चुकवलं, तर तो झावळ्या टाकतो. त्याला पाणी शोधायचं ध्यानातच राहत नाही.

विनोदिनी : ठाऊक आहे. इथलीही काही मरतील. ती लहान जांभूळ बहुतेक जाईल.

कमलाक्षी : म्हणजे आधी लळा लावायचा. मग तोंडचं पाणी काढायचं. आणि वर पट्टी लावून मोजत बसायचं, कसं मरतं ते.

विनोदिनी : हो.

कमलाक्षी : हळूहळू तोडलं तर? एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड...

विनोदिनी : मग पुन्हा तुझ्या हातचंच मोजेन मी, राईचं नाही.

कमलाक्षी : देवीला काय सांगू? शब्द दिला होता मी.

विनोदिनी : माझं काम तडीस जाईतो, असा दिला होतास ना? माझं काम आजच संपलं म्हण.

कमलाक्षी : तसं नाही म्हणणार. कामाला आत्ता कुठं हात लागला तुझा. मी शब्द मोडला, एवढंच सांगेन तिला. उगाच वकिली कशाला करू तिच्यापुढं?

बाबली : प्रायश्चित्त काय घेणार, वैनी? मौन?

कमलाक्षी : नको. मौनानंच घोटाळा केला सगळा. रोज दिवा लावायला जाईन, त्या झाडांजवळ थोडी उभी राहीन. रिकाम्या हातांनी. तेच पुष्कळ जड आहे.

विनोदिनी : मी असेन बरोबर. नोकरी गेली तर मला तरी कुठं जायचंय?

कमलाक्षी : भावजी, तुम्ही उठलात?

बाबली : गुरुदासाकडं जातो. सभेत तोही येईल. त्याच्या कानावर हे पंचायतीत पडायच्या आधी माझ्या तोंडून पडलेलं बरें. म्हातारा काठी घेऊन अंगावर आला तर दोघी धावून या.

कमलाक्षी : थांबा. मीही येते. पाणी तुम्ही नाही चोरलं, मी चोरलं. वत्सलेला ओ द्यायची राहिलीय माझी. लुगडं बदलून येते एवढं, चिखल आहे त्याला.

बाबली : असू दे तो चिखल. तेवढाच पुरावा. नाहीतर तुमच्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही. मी पाटाजवळ थांबतो, या.

विनोदिनी : आई, जायच्या आधी एक मिनिट. मला सुरुवातच सुचत नाही. आमच्या लिहिण्यात याला शब्द आहेत. "आकड्यांत त्रुटी आढळली" असं लिहितात. कोणाकडून आढळली, कोणी केली, ते त्यात येतच नाही.

कमलाक्षी : मग ते शब्द नकोत.

विनोदिनी : मग काय म्हणू? समोर सगळे ओळखीचे. शाळेतले मास्तर असतील. साहेब असतील.

कमलाक्षी : "माझी चूक झाली" म्हणायचं. मग थोडं थांबायचं, घाई करायची नाही. लोक आपणहून गप्प होतात. मग पुढचं सांगता येतं.

विनोदिनी : तू सांगितलंयस कधी असं?

कमलाक्षी : माणसांना नाही. आत्ता जाऊन सांगणार आहे. तू म्हणून बघ एकदा.

विनोदिनी : माझी चूक झाली.

कमलाक्षी : मोठ्यानं, बाय. पंचायतीतला तो पंखा फार आवाज करतो.